आधी ढगूला कळतं

पाऊस येणार हे आमच्या घरात गेली बारा वर्षं आधी आमच्या कुत्र्याला, ढगूला, कळत आलंय. मग मोबाइलला कळतं, आणि सगळ्यात शेवटी वाळत घातलेले कपडे काढायला धावणाऱ्या मला.

बाहेर चांगलं ऊन असतं. ढगू हॉलच्या मधोमध, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात येईल असा पसरलेला. अचानक डोकं वर. कान आधी पुढे, मग मागे, मग डोक्याला चिकटलेले. मग एक मोठी जांभई. ही जांभई झोपेची नाही हे कळायला मला दोन वर्षं लागली. जीभ नाकावरून एकदा फिरते, लगेच दुसऱ्यांदा. तो उठतो, माझ्याकडे बघतो, खिडकीकडे बघायचं टाळतो आणि चालायला लागतो. फरशीवर ओले ठसे उमटतात. पहिल्यांदा ते दिसले तेव्हा त्यानं पाण्याचं भांडं लवंडलं असेल म्हणून मी बघायला गेले. भांडं जागच्या जागी, काठोकाठ भरलेलं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, पंजाच्या गाद्यांना येतो, आणि घाबरल्यावर जास्तच येतो. चार बोटं आणि मागची मोठी गादी, असे स्वच्छ ठसे हॉलपासून बाथरूमपर्यंत गेलेले. पहिला वाळून नाहीसा होईपर्यंत शेवटचा उमटलेला असायचा.

आणला तेव्हा तो राखाडी कापसाचा गोळा होता, म्हणून मुलानं नाव ठेवलं ढगू. तेव्हा काय माहीत!

त्याला कळतं कसं, यावर ‘कुत्र्याचे कान तिखट’ हे उत्तर कुणीही देतं. खरंच आहे ते. बारीक आवाजात आपल्याला फार तर 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला 45,000 च्या आसपास. पण गडगडाट हा मुळात खर्जातला आवाज, आणि खर्जात आपलेच कान सरस. आपण 20 हर्ट्झपर्यंत खाली उतरतो, कुत्रा साठ-सत्तरच्या आसपास थांबतो. म्हणजे तारसप्तकातल्या या उस्तादाला घाम फुटतो तो खर्जानं. लांबचा बारीक आवाज तो आपल्या आधी टिपतो, तरी नुसत्या कानांवर सगळं ढकलता येत नाही. मला नाकाचा संशय जास्त आहे. विजेमुळे हवेत ओझोन तयार होतो, त्याला वास असतो. भिजलेल्या मातीचाही वास वाऱ्याबरोबर पुढे पोचतो. या वासाला 1964 साली दोन ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी ‘पेट्रिकोर’ असं नाव दिलं. तो आला की आपण खिडकी उघडून डोळे मिटतो. ढगूच्या लेखी तोच धोक्याचा भोंगा असणार.

आणखी एक तर्क आहे. वादळी हवेत केसाळ अंगावर स्थिर वीज साठते आणि नाक कशाला लागलं की चटका बसतो. म्हणून कुत्री टबाकडे, नळाच्या पाइपांकडे धावतात, तिथे ती वीज उतरून जाते, असं काही पशुवैद्यांना वाटतं. सिद्ध झालेलं नाही. मला विचाराल तर आमच्या बाथरूमला खिडकी नाही, एवढं कारण ढगूला पुरेसं आहे.

वीज चमकली की माझा मुलगा मोठ्यानं मोजायला लागायचा. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात हे त्याला शाळेत शिकवलं होतं. “सात… आठ… नऊ… आई, तीन किलोमीटर!” त्याला त्यात गंमत वाटायची. मी तेव्हा ढगूच्या बरगड्यांवर हात ठेवून बसलेली असायचे, त्यामुळे मला हे नऊ सेकंद वेगळेच कळले. चमकल्याबरोबर त्याचं धापा टाकणं बंद. तोंड मिटलेलं, सगळं अंग लाकडासारखं, आणि आत काळीज माझ्या तळहातावर धडका मारतंय. पुढे काय येणार ते त्याला पक्कं ठाऊक असतं, कधी येणार तेवढं नसतं. गडगडाट झाला की उलट त्याचा श्वास सुटतो, पुन्हा धाप लागते, लाळ गळायला लागते. आवाजापेक्षा आवाजाची वाट बघणं वाईट, हे ज्यानं दवाखान्यात रिपोर्टची वाट बघितलीय त्याला समजावून सांगायला नको.

‘गर्जेल तो पडेल काय’ अशी म्हण आहे आपल्याकडे. ‘भुंकणारं कुत्रं चावत नाही’ अशीही आहे. म्हणजे ढग आणि कुत्रा, दोघांनाही भाषेनं एकाच रांगेत बसवून फुसके ठरवलंय. ढगूला यातलं काही ठाऊक नाही. पडणाऱ्याचं त्याला काहीच वाटत नाही, भर पावसात तो खुशाल फिरून येतो. गर्जणाऱ्याशीच त्याचा वाद आहे.

“लाड करू नका, भीती वाढेल,” असं मला किमान दहा जणांनी सांगितलं, त्यातल्या आठांकडे कुत्रं नव्हतं. आणि मी वर्षभर ते ऐकलं. एकदा बाथरूमचं दार लावून घेतलं आणि दुसऱ्या खोलीत पुस्तक धरून बसले, त्याचं त्याला सवयीचं होऊ दे म्हणून. वादळ सरल्यावर बघितलं तर दाराचा खालचा भाग वीतभर खरवडलेला, त्याच्या पुढच्या पंजाचं एक नख फाटलेलं, आणि लाकडाच्या भुशावर रक्ताचे बारीक थेंब. मलमपट्टी करताना पशुवैद्य शांतपणे म्हणाले, “ताई, बिस्कीट दिलं की ‘बस’ शिकतो तो. भीती काही बिस्किटासाठी वाटत नाही.” बास. त्या दिवसापासून दार कधी लावलं नाही. ओरखडे अजून आहेत, मी रंगवू दिले नाहीत.

अर्थात आपल्या कुरवाळण्याबद्दलही फार समज नको. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वादळाला घाबरणाऱ्या 19 कुत्र्यांना वादळाचं ध्वनिमुद्रण ऐकवलं. लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, तिपटीच्या आसपास गेलं आणि चाळीस मिनिटांनीही पूर्वपदावर आलं नाही. मालक कसा वागला यानं आकड्यांत फरक पडला नाही. घरात दुसरं कुत्रं असलं तर मात्र पडला. हे वाचून मी जराशी दुखावले. नवरा म्हणाला, “मग दुसरं आणू या की.” मी म्हटलं, तेही असंच निघालं तर बाथरूममध्ये मी बसू कुठे?

ध्वनिमुद्रणाचा प्रयोग आम्हीही केला. हळू आवाजात गडगडाट, जवळ खाऊ, रोज थोडा आवाज वाढवायचा. ढगूनं स्पीकर हुंगला, शेपूट हलवली आणि त्याला टेकून झोपला. आठवड्यानं खरं वादळ आलं तेव्हा पहिले पाढे पंचावन्न. स्पीकरला ना वास, ना लखलखाट, ना हवेतला तो दाब. मग अंगाला घट्ट बसणारं जाकीट आणलं. ते घातल्यावर तो पुतळ्यासारखा उभा राहिला, आणि गुण आला म्हणून आम्ही खूश झालो. पण हलत नाही म्हणजे घाबरला नाही असं नसतं. पूर्वी वादळात कुत्र्यांना गुंगीचं एक औषध सर्रास देत. शरीर गप्प व्हायचं, भीती आत तशीच राहायची. आता नुसतं तेवढं देणं पशुवैद्य टाळतात, आणि भीतीवरची वेगळी औषधं मिळतात. ढगूला गेली काही वर्षं त्यातलं एक आहे. त्यानं थरथर कमी झाली. बाथरूम सुटलं नाही.

तिथली आमची व्यवस्था ठरलेली. दिवा लावायचा, म्हणजे चमकलेलं कमी जाणवतं. एक्झॉस्ट फॅन चालू, त्याच्या घरघरीत बाहेरचं थोडं बुडतं. दार सताड उघडं. कमोड आणि भिंत यांच्या मधल्या फटीत ढगू डोकं खुपसतो. उरलेला पंचवीस किलोचा ढगू बाहेर असतो, पण डोकं लपलं म्हणजे आपण लपलो यावर त्याचा विश्वास आहे. मी समोर फरशीवर. कुरवाळलेलं त्याला फारसं नको असतं. मधे कधीतरी डोकं बाहेर येतं आणि हनुवटी माझ्या पावलावर टेकते. लाळ बोटांच्या बेचक्यांतून खाली उतरते. शेवटच्या गडगडाटानंतर बराच वेळ तो तसाच राहतो. मग उभा राहून नाकापासून शेपटीपर्यंत अंग झाडतो, कान फटाफटा वाजतात, आणि जाऊन घटाघटा पाणी पितो. माझ्या पायाला मुंग्या आलेल्या असतात, भिंत धरून मी उठते, तोवर हा चेंडू तोंडात धरून दारात हजर. जणू वादळ मलाच झालं होतं.

या वर्षी त्याचे कान गेले. हळूहळूच गेले, आम्हाला उशिरा कळलं. कुलूप उघडून आत आले तरी तो झोपलेलाच. हात लावला की दचकायचा.

परवा रात्री दोन वाजता मोठं वादळ झालं. सवयीनं मला जाग आली. बाथरूमचा दिवा लावला, फॅन लावला आणि त्याला न्यायला आले. तो सतरंजीवर गाढ झोपलेला. स्वप्नात कुणाच्या तरी मागे पळत असावा, पंजे हलत होते. खिडकीच्या काचा थरथरतील असं गडगडलं. त्याची मिशीसुद्धा हलली नाही. मी त्याच्या शेजारी फरशीवर बसून राहिले. पुन्हा चमकलं, आणि माझं मोजणं सुरू झालं. चार… पाच…

त्यानं एक डोळा उघडला. रात्री दोन वाजता फरशीवर बसलेल्या माझ्याकडे बघितलं. मोठी जांभई दिली. जीभ नाकावरून फिरली, एकदा, दोनदा. मग हळूहळू उठला आणि बाथरूमकडे चालायला लागला. फरशीवर ओले ठसे उमटत गेले.