कशाबद्दल?

ऑफिसच्या ग्रुपवर आज साहेबांचं ‘थँक्यू टीम’ पडलं. खाली जोडलेल्या हातांची रांग. मग स्टोअरमधल्या काकांनी विचारलं, “कशाबद्दल, साहेब?”

ग्रुप चिडीचूप.

प्रश्न रास्तच. कोणी काय केलं आणि त्यानं काय निभावलं, हे आभारात यायला हवं. ‘शनिवारी थांबून स्टॉक जुळवलात, म्हणून सोमवारी ऑडिट अडलं नाही.’ एवढं पुरतं.

ज्या गोष्टींबद्दल आभार वाटतात त्या लिहून ठेवायच्या वहीचंही तेच. एमन्स आणि मॅकलो या मानसशास्त्रज्ञांच्या २००३ च्या अभ्यासातल्या एका प्रयोगात लोक आठवड्यातून एकदाच लिहीत, जास्तीत जास्त ५ नोंदी, १० आठवडे. रोज ‘कुटुंब, आरोग्य, नोकरी’ खरडलं की नुसती हजेरी लागते.

आणि हो, रखडलेली पगारवाढ या वहीत लिहायची नाही. ती मेल करून मागायची.