गावात काळा, घाटात पांढरा

एकाच गाडीचा स्पार्क प्लग गावात काळाकुट्ट (म्हणजे पेट्रोल जास्त) आणि घाटात पांढराफटक (म्हणजे पेट्रोल कमी), असं मी आजवर बघितलं नव्हतं. गाडी परत देऊन झाली तरी डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय.

नव्वदच्या दशकातली बुलेट ३५०, जुनं कास्ट आयर्न इंजिन. मालक मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले, खानापूर तालुक्यातले. स्टँड लावायच्या आधीच सुरू झाले, "मेस्त्री, पेट्रोल नुसतं पिवालीय बगा ही. वीसचं पण एव्हरेज पडंना झालंय. आन् परवा केरीहून चोर्ला घाट चढताना घट्टच झाली की ओ, मागं आमची मंडळी बसलेली. खाली गोव्यात मात्र झकास पळती."

ही दोन दुखणी एका गाडीत बसत नाहीत. पेट्रोल जास्त जात असेल तर गाडी काळा धूर सोडेल, काजळीनं प्लग मारेल, पिकप घेणार नाही, पण तापून घट्ट होणार नाही, म्हणजे पिस्टन आत जाम होणार नाही, कारण जादा पेट्रोल इंजिन थंडच ठेवतं. घट्ट होते ती पेट्रोल कमी पडल्यावर. आणि खाली बरी पळते म्हणजे काय, तर बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास, इथली हवा विरळ, तेवढ्याच पेट्रोलला खाली किनाऱ्यावर हवा जास्त मिळते, म्हणजे गाडी रिच आहे, हवेच्या मानानं पेट्रोल जास्त घेतेय, हे नक्की. मग घाटात जाम का होते?

आमच्याकडं यायच्या आधी गाडी दोन गॅरेजं फिरून आली होती. पहिल्यानं काळा प्लग बघून मेन जेट, म्हणजे कार्बेटरमधलं पेट्रोल सोडणारं मुख्य भोक, लहान घातला, फरक पडला नाही म्हणून आणखी लहान. दुसऱ्यानं हवा सोडणारा एअर स्क्रू जवळजवळ तीन फेरे बाहेर काढला आणि वर सांगितलं की बोअर गेलाय, म्हणजे सिलिंडर आतून झिजलाय, ब्लॉक खोलायला लागणार. काळा प्लग म्हणजे पेट्रोल जास्त, इथपर्यंत सगळ्यांचं बरोबर. पण किती एक्सलेटरवर जास्त, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही, आणि माझा राग तिथंच आहे. कार्बेटरमध्ये एकच भोक नसतं. आयडलला आणि मूठ जेमतेम उघडेपर्यंत पायलट जेट आणि एअर स्क्रू, थोडं पुढं मुठीबरोबर वर-खाली होणाऱ्या स्लाइडचा खालचा कट, पाव ते पाऊण एक्सलेटर नीडल (स्लाइडला लटकणारी निमुळती सुई) आणि नीडल जेट (ती सुई ज्यात वर-खाली होते ते पितळी भोक), आणि पाऊणच्या वर मेन जेट. अर्ध्या एक्सलेटरवर रिच असलेल्या गाडीचा मेन जेट बदलत बसून काय होणार?

नेहमीच्या गोष्टी आधी उरकल्या. आमच्याकडच्या पावसात एअर फिल्टर भिजून तुंबतो, हिचा कोरडा होता. चोकच्या प्लंजरचं खालचं रबर कडक होऊन पेट्रोल सोडतं, ते चांगलं होतं. कार्बेटरमधली पेट्रोलची लेव्हल धरणारा फ्लोट हलवून बघितला, आत पेट्रोल शिरलेलं नव्हतं, लेव्हलही बरोबर.

मग मुठीवर पांढरी टेप लावली, पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा केल्या, नवे प्लग खिशात टाकले आणि पिरनवाडीवरून जांबोटी रोडला निघालो. अर्ध्या खुणेवर मूठ धरून किलोमीटर-दीड किलोमीटर सलग चालवायची, मग मूठ न सोडता क्लच दाबायचा आणि त्याच क्षणी इंजिन बंद, गाडी तशीच घसरत बाजूला घ्यायची आणि तिथंच रस्त्यावर प्लग खोलायचा. हे करायचा कंटाळा सगळ्यांना. अर्ध्यावर प्लग काळा, हाताला काजळी लागणारा. दुसरा नवा प्लग घालून चढाला फुल एक्सलेटर दिला, तो निघाला पांढरा. भिंग लावून बघितलं तर पोर्सलीनवर बारीक चकाकणारे कण. ते कण पिस्टनचं ॲल्युमिनियम असतं. रस्त्याच्या कडेला उभा राहून माझ्या पोटात गोळा आला, कारण ही गाडी नवरा-बायकोला घेऊन घाट चढत होती.

हे आधी कुणाला दिसलं नाही त्याचं कारण आता कळलं. घाटात प्लग पांढरा पडायचा, पण तिथून गॅरेजपर्यंत पन्नासेक किलोमीटर आरामात, अर्ध्या एक्सलेटरवर येताना त्याच्यावर परत काजळी चढायची. गॅरेजवाला खोलून बघतो तर काळा, की घातला आणखी लहान जेट.

उरलं नीडल जेट. बुलेटचा एकच मोठा सिलिंडर, धडधड भरपूर, वर्षानुवर्षं नीडल त्या पितळी भोकाच्या एका बाजूला घासत राहते आणि भोक लंबगोल होतं. डोळ्यांना ते गोलच दिसतं. उद्यमबागेच्या कारखान्यांत आमचा एक मित्र टूल रूममध्ये आहे, त्याच्याकडं नेऊन पिन गेज, म्हणजे भोक मोजायच्या नेमक्या जाडीच्या सळ्या, घालून बघितले तर नव्या नीडल जेटमध्ये जो गेज अडतो, तो ह्यात आरामात उतरला, वरचेही उतरत गेले, पाच शतांशांपर्यंत. मिलिमीटरचे पाच शतांश म्हणजे किती, असं वाटेल. हिशोब करून बघा, भोक २.६५ मिमी आणि नीडल २.५० धरली तर पेट्रोल जायला उरते ती दोघांमधली बारीक कडा. भोक २.७० झालं की त्या कडेचं क्षेत्रफळ एक तृतीयांशाच्या वर वाढतं. आणि त्यात नीडलपण झिजलेली. म्हणजे वरून दोघांनी मेन जेट आवळला आणि एअर स्क्रू सोडून आयडल पण सुकवला, म्हणजे तिथलं पेट्रोल कमी केलं, मधलं भोक मात्र वाहतंच राहिलं.

ओरिजिनल नीडल आणि नीडल जेट शोधायला चार दुकानं फिरावं लागलं. डुप्लिकेट सेट हवे तेवढे मिळतात, पण दोन डुप्लिकेट घेऊन त्याच गेजवर लावा, दोघांचं माप वेगळं येतं, आणि गिऱ्हाईकाला वाटतं मेस्त्रीला ट्यूनिंग येत नाही. सेट बसवला, नीडलची क्लिप मधल्या खाचेत, मेन जेट कंपनीच्या नंबरवर परत. एअर स्क्रू इंजिन पूर्ण गरम करून लावला, दीड फेऱ्याच्या आसपास आला. ह्या कार्बेटरचा स्क्रू फिल्टरच्या बाजूला असतो, तो हवा सोडतो, बाहेर काढला की मिक्श्चर सुकतं. पल्सरसारख्या गाड्यांच्या कार्बेटरचा स्क्रू इंजिनच्या बाजूला, तो पेट्रोल सोडतो, बाहेर काढला की उलट रिच होते. नवीन पोरांना मी हे पहिल्या दिवशी सांगतो, कारण दोन्ही गाड्यांचे स्क्रू एकाच दिशेनं फिरवणारे मेस्त्री ह्या गावात भरपूर आहेत.

परत तोच रस्ता, तीच टेप. अर्ध्यावर प्लग विटकरी, फुलवर त्याहून जरा फिका, कण नाहीत. एव्हरेज आता तिशीच्या वर पडतंय म्हणून सुभेदार साहेबांचा फोन आला, खूश होते.

मी मात्र ते कण विसरू शकत नाही. पिस्टन एकदा घट्ट झालाय, त्याच्यावर ओरखडे असणारच, किती खोल ते ब्लॉक उतरवल्याशिवाय सांगता येत नाही. मी म्हटलं, "साहेब, हेड आणि ब्लॉक एकदा खोलून बघूया, पिस्टन बरा असला तर तसाच बसवतो." ते म्हणाले, "आता चांगली चाललीय की रे बाळा, दिवाळीनंतर बगू." दुसऱ्या गॅरेजनं उगीच बोअर सांगितल्यामुळं ब्लॉक म्हटलं की त्यांना मेस्त्री पैसे काढायला बघतोय असंच वाटतं, आणि त्यांची चूक आहे असं मला म्हणता येत नाही.

तोवर मी मेन जेट कंपनीच्या नंबरपेक्षा एक पायरी मोठा घालून ठेवलाय. फुल एक्सलेटरला थोडं पेट्रोल जास्त जाईल, जाऊ दे. आणि दिवाळीपर्यंत मंडळींना घेऊन चोर्ल्यानं जायचं नाही, गोव्याला जायचंच असेल तर बसनं जा, असं त्यांच्या मिसेसना फोन करून सांगितलंय.