आमची वाटचाल : आल्तिनोच्या उतारावरची इमारत

आमच्या वास्तुरचना कार्यालयाची सुरुवात दुरुस्तीच्या कामांतून झाली. पणजीच्या फोंताइन्हास आणि मळा भागातल्या जुन्या घरांची मंगळूरी कौलं बदलायची, गळकी छपरं सावरायची, चुन्याचा गिलावा पुन्हा करायचा. त्या कामांनीच आम्हाला चिरा, म्हणजे बांधकामाचा जांभा दगड, शिकवला. खाणीतून निघताना तो मऊ असतो, उघड्यावर टणक होतो. पण त्यावर सिमेंटचा घट्ट गिलावा चढवला की ओल भिंतीतच कोंडते.

पुढे वरच्या आल्तिनो टेकडीवर सदनिकांची इमारत करायचं काम आलं. मालकांना उतार कापून सपाट जागा हवी होती, म्हणजे तळाशी गाड्या आणि वर सरळ मजले. आमचं मन त्याला तयार होईना. जांभ्याच्या टणक थराखाली बऱ्याचदा मऊ चिकणमाती असते. पावसाळ्यात जांभ्यातून झिरपलेलं पाणी तिथे अडतं आणि उभा कापलेला कडा सुटायला लागतो. शिवाय टेकडीत मुरलेल्या पाण्यावरच पायथ्याच्या झऱ्यांचं आयुष्य असतं. गोव्याच्या नगरनियोजन कायद्यातलं कलम १७-अ परवानगीशिवाय डोंगर कापू देत नाही. पण परवानगी हाती आली म्हणून कापावाच का?

आम्ही इमारत उतारासोबत टप्प्याटप्प्याने खाली उतरवली. गाड्या वरच्या रस्त्याच्या पातळीवरच थांबतात, घरं खाली जातात. विकायचं क्षेत्र घटलं, त्यावरून मालकांशी बऱ्याच बैठका झाल्या. अखेर मोठ्या संरक्षक भिंतीचा खर्च वाचतोय हे आकड्यांत दिसल्यावर ते राजी झाले.

दर्शनी भागाला खोट्या कमानी आणि नक्षीचे कठडे लावा, असंही सुचवलं गेलं. ते आम्ही साफ नाकारलं. खालच्या खऱ्या जुन्या घरांचा तो अपमान झाला असता. त्यांच्याकडून घ्यायचं ते वेगळं होतं: पाऊस भिंतीपासून दूर ठेवणारे पुढे आलेले पाखे, आणि रस्त्याने जाणाऱ्याशी बसल्या बसल्या बोलता येईल असा बाल्कांव, म्हणजे दारापुढची बैठकीची ओसरी. आमच्या प्रत्येक सदनिकेच्या दारापुढे बसायला कट्टा आहे. काँक्रीट उघडं आहे, खिडक्या मोठ्या आहेत, इमारत आजची आहे हे ती लपवत नाही. मात्र खालच्या मळा भागातून वर पाहिलं तर आधी झाडं दिसतात.

आता उतारावरचं काम आलं की आम्ही खोल्यांचा नकाशा नंतर काढतो. आधी जमिनीचा छेद आणि पाण्याच्या वाटा.