दोन खोल्यांच्या घरात सायकलची चेन धुताना

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर आमच्या दोन खोल्या आहेत. पुढच्या खोलीला लागून एक अरुंद गॅलरी आहे, तिच्यावर पत्रा आहे आणि माझी सायकल रात्री तिथेच असते. कामासाठी मी रोज पंचगंगेचा पूल ओलांडून शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत सायकलने जातो. त्या रस्त्यावरच्या धुळीत ओतकामाची काळी वाळू मिसळलेली असते, आणि गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्यांच्या चाकांबरोबर आलेली शेतातली माती तिच्यात भर घालते. ही धूळ चेनच्या तेलात कालवली गेली की चेन आतून पॉलिश पेपरने घासल्यासारखी झिजू लागते. चेनच्या दोन पिनांमधले अंतर अर्धा इंच असते, त्यामुळे एका पिनेच्या मध्यावर पट्टीचा शून्य ठेवला तर तिच्यापुढची चोविसावी पीन बरोबर 12 इंचांवर यायला हवी. ती इंचाचा सोळावा भाग पुढे सरकलेली दिसली तर चेन बदलावी लागते, आणि तशीच चालवली तर ती फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्राचे, दातेही खाते. तेव्हा चेन साफ करणे टाळता येत नाही. जिथे आपण जेवतो, झोपतो आणि स्वयंपाक करतो, त्याच जागेत ती साफ करायची असेल तर कशी करावी, एवढाच माझा विषय आहे.

याबाबत मी इतका आग्रही का आहे, हे सांगायला हवे. काही वर्षांपूर्वी पावसाळा संपल्यावर मी चेन आणि मागचे हब, म्हणजे चाकाचा आसाभोवतीचा मधला भाग, उघडले आणि एका पसरट ताटलीत वाटीभर पेट्रोल घेऊन गॅलरीच्या उंबऱ्याशी बसलो. पाऊस नव्हता, पण वारा घरात येत होता. दिवेलागणीची वेळ होती. आतल्या खोलीत आईने देव्हाऱ्यापुढे निरांजन लावले होते, आणि आमचा देव्हारा जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर आहे. तिला वास आला तशी तिने काही न बोलता निरांजन शांत केले, गॅसचा रेग्युलेटर बंद केला आणि मला म्हणाली, “ते आधी झाक आणि खाली अंगणात ने.” काही घडले नाही. मात्र ताटली झाकताना माझ्या हाताला सुटलेला कंप मला अजून आठवतो.

त्यानंतर मी या गोष्टीची नीट माहिती करून घेतली. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते, त्यामुळे ती वर न जाता पाण्यासारखी जमिनीलगत पसरते, उंबरा ओलांडते आणि समई, शेगडी किंवा फ्रीजच्या स्विचमधली ठिणगी मिळेपर्यंत पुढे जात राहते. सिलिंडरचा वास आला तर दारे-खिडक्या उघडाव्यात आणि विजेच्या बटणाला हात लावू नये, हे आपल्याकडे घराघरांत माहीत असते, आणि त्यामागचे कारण नेमके हेच आहे. उघड्या ताटलीतल्या पेट्रोलला मात्र आपण तो नियम लावत नाही. पेट्रोलमधून पेट घेण्याइतकी वाफ उणे 40 अंशांच्या आसपासही निघते, म्हणजे कोल्हापुरात वर्षातला कोणताही दिवस त्याच्यासाठी पुरेसा गरम आहे. शिवाय त्यात बेन्झीन असते आणि ते श्वासावाटे व त्वचेतूनही शरीरात जाते. राहत्या घरात पेट्रोलने काहीही धुऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे आणि त्याला मी अपवाद ठेवत नाही.

रॉकेलचे तसे नाही, पण ते निर्धोकही नाही. साधारण 38 अंशांच्या पुढे रॉकेलची वाफ पेट घेऊ शकते, आणि एप्रिलच्या दुपारी आमच्या पत्र्याखाली तेवढी उष्णता सहज असते. त्याहून महत्त्वाची बाब फडक्याची आहे. वाटीतले थंड रॉकेल काडी लावून चटकन पेटत नाही, परंतु तेच फडक्यात मुरले की फडके वातीचे काम करते. म्हणून रॉकेल लागणारे काम मी सकाळी सातच्या आत, गॅलरीत, चूल पेटण्यापूर्वी उरकतो. ओली फडकी कोपऱ्यात गोळा करून ठेवत नाही, तर कठड्यावर एकेक सुटी वाळवतो. ज्यांच्या घरी लाकडाला अळशीचे तेल लावतात त्यांनी त्या तेलाची फडकी तर चुकूनही चुरगळून ठेवू नयेत, कारण ते तेल वाळताना स्वतः उष्णता सोडते आणि बोळा केलेले फडके कोणी काडी न लावताही पेटू शकते.

प्रत्यक्षात रॉकेल फारच थोडे लागते, हे मला उशिरा कळले. निम्म्याहून अधिक घाण कोरडीच निघते. सायकल उलटी करायची, जुन्या बनियनचा तुकडा चेनभोवती मुठीत धरायचा आणि दुसऱ्या हाताने पॅडल उलट फिरवायचे. कापडाची काळी झालेली बाजू बदलत तीन-चार वेळा असे केले की चेनच्या बाहेरचा थर उतरतो. फ्रीव्हीलच्या दात्यांमधल्या फटीत फडक्याची लांब पट्टी घालून, ताक घुसळताना रवीची दोरी ओढावी तशी पुढे-मागे ओढायची. हे काम करताना जमिनीवर रद्दीचे चार-पाच थर आणि त्याखाली खताच्या पोत्याचा तुकडा अंथरावा, कारण जुन्या शहाबादी फरशीत ग्रीसचा डाग मुरला की तो निघत नाही.

चेनच्या आत गेलेल्या वाळूसाठी मात्र द्रव लागतो, आणि त्यासाठी घट्ट झाकणाची बरणी हे माझे मुख्य साधन आहे. चेनचे लॉक उघडून चेन गुंडाळून बरणीत ठेवतो, ती बुडेल इतकेच रॉकेल घालतो, झाकण लावून दोन मिनिटे हलवतो आणि तासभर तशीच ठेवतो. उघड्या ताटलीतून जी वाफ घरभर फिरली असती ती बरणीतच राहते. पहिल्या खेपेला रॉकेल कोऱ्या चहासारखे काळे होते. चेन काढून ती बरणी रात्रभर न हलवता ठेवली की सकाळी तळाशी नखभर जाडीचा काळा गाळ बसलेला असतो, आणि उजेडात धरली तर त्या गाळात लोखंडाचे बारीक कण चमकताना दिसतात. वरचे निवळ रॉकेल दुसऱ्या बाटलीत ओतून पुढच्या वेळी वापरता येते. माझे अर्धा लिटर रॉकेल अशा रीतीने वर्षभर पुरते, त्यामुळे घरात ज्वालाग्राही पदार्थाचा साठाही राहत नाही.

ती दुसरी बाटली पाण्याची किंवा शीतपेयाची असता कामा नये. लहान मूल तहानेच्या भरात तिला तोंड लावते, आणि रॉकेल पोटापेक्षा फुप्फुसात उतरल्याने अधिक घात करते. असे कधी झालेच तर उलटी करवू नये, कारण उलटी होताना ते पुन्हा श्वासनलिकेत जाऊ शकते. मुलाला थेट दवाखान्यात न्यावे. मी पत्र्याचा डबा वापरतो, त्यावर रंगाने मोठ्या अक्षरांत नाव लिहिले आहे आणि तो मुलांच्या हाताबाहेरच्या फळीवर असतो.

रॉकेलनंतर भांड्यांच्या द्रव साबणाचे कोमट पाणी आणि दात घासण्याचा जुना ब्रश पुरतो. पण चेन आधी रद्दीत घोळून चांगली पुसून घ्यावी, हे मी आवर्जून सांगेन. मोरीतून गेलेले पाणी शेवटी गटारातून नाल्यात आणि नाल्यातून पंचगंगेत जाण्याची शक्यता आपल्या शहरात खरीच आहे. रोज त्या पुलावरून जाताना पाण्याचा रंग पाहणाऱ्या माणसाने आपल्या चेनचे तेल तिच्यात सोडू नये. बरणीतला गाळ मी वखारीतून आणलेल्या लाकडाच्या भुशात कालवतो, पिशवीत बांधतो आणि ओळखीच्या गॅरेजमध्ये विचारून त्यांच्या वापरलेल्या ऑइलच्या कचऱ्याबरोबर देतो.

चेन चकचकीत करण्यासाठी संडास साफ करण्याचे ॲसिड वापरण्याचा सल्ला अधूनमधून मिळतो. तो मानू नये. ॲसिडच्या क्रियेत तयार होणारा हायड्रोजन कडक पोलादात शिरून त्याला ठिसूळ करतो, आणि अशी चेन पन्हाळ्याच्या चढावर, जिथे पॅडलवर सगळा भार असतो, तिथेच तुटते. धुण्याचा सोडा ॲल्युमिनिअमच्या क्रँकला, म्हणजे पॅडलच्या दांड्याला, काळे पाडतो. कॉस्टिक सोडा तर ॲल्युमिनिअम खातो आणि पेट घेणारा हायड्रोजन वायू बाहेर सोडतो. बंद खोलीत त्याचा विचारही करू नये. ग्रीस काढण्याच्या दाबाच्या फवाऱ्यांमध्येही बहुधा ज्वालाग्राही वायू असतो, म्हणून तेही बाहेरच वापरावेत.

हबचे छर्रे मोकळे निघतात तेव्हा ते मोरीत धुऊ नयेत. माझ्या मागच्या हबमध्ये दोन्ही बाजूंना पाव इंची नऊ-नऊ छर्रे आहेत. ते मोजून बाद झालेल्या चहाच्या गाळणीत घेतो, रॉकेलच्या वाटीत दोनदा बुडवतो आणि कापडावर लोळवून कोरडे करतो. एखाद्यावर खड्डा दिसला तर सगळेच बदलतो. फ्रीव्हील मात्र अख्खे बुडवू नये, कारण आतले ग्रीस धुतले जाते आणि काही दिवसांतच ते कोरडे वाजू लागते. रॉकेलचा हात ब्रेकच्या रबरांना आणि रिमला लागू देऊ नये. रिमवरचा तेलाचा पुसट थरही ब्रेक निकामी करायला पुरतो.

हातांसाठी नायट्राइलचे हातमोजे घ्यावेत. दवाखान्यात मिळणारे साधे रबरी मोजे रॉकेलमध्ये फुगतात आणि फाटतात. मोजे नसताना काळे झालेले हात रॉकेलने धुण्याची सवय अनेक कारागिरांना आहे, पण त्याने त्वचेचे नैसर्गिक तेल निघून जाते आणि पुढे भेगा व खाज सुरू होते. खोबरेल तेलाचे चार थेंब आणि चिमूटभर साखर तळहातावर चोळली की ग्रीस तेलात सुटते, मग साबण पुरतो. ही युक्ती मला आईने दिली.

राहता राहिले वाळवणे. पावसाळ्यात आपल्याकडे दमट हवेत धुतलेली चेन रात्रीत तांबूस होते, आणि मग ती तव्यावर शेकण्याचा मोह होतो. रॉकेल लागलेली कोणतीही वस्तू आचेजवळ नेऊ नये. मी चेन कोरड्या कापडात गुंडाळून झटकतो आणि पंख्याखाली खिळ्याला टांगतो. ती पूर्ण वाळली की चेनच्या प्रत्येक रोलरवर शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब सोडतो. मोटारसायकलचे जळके ऑइल कधीच घालत नाही, कारण त्यात आधीच धातूचे कण आणि त्वचेला अपायकारक द्रव्ये असतात. थेंब सोडण्याच्या या कामाला वीसएक मिनिटे लागतात. त्यानंतर दहा मिनिटे थांबून बाहेरचे सगळे तेल पुसून घेतो, इतके की चेनवरून बोट फिरवले तर त्यावर केवळ पुसट डाग उमटावा. बाहेर राहिलेल्या तेलालाच शिरोलीची वाळू चिकटते.