उलटा प्रश्न, सुलटा प्रश्न

दुपारी एक पत्र वाचत असताना ‘प्लीज टेल मी व्हेअर इज द ऑफिस’ या वाक्यापाशी मी अडलो आणि मनातल्या मनात ‘इज’ला उचलून वाक्याच्या शेवटी नेऊन बसवले. इंग्रजीत सुट्या प्रश्नात क्रियापद कर्त्याच्या आधी येते, पण तोच प्रश्न दुसऱ्या वाक्यात बसवला, की ते पुन्हा कर्त्यानंतर जाते. अर्थ आधीही स्पष्टच होता. पण ही खोड शाळेपासूनची आहे आणि आता ती जाईल असे वाटत नाही.

शाळेत प्रत्यक्ष कथनाचे अप्रत्यक्ष कथन करताना एकाच वाक्यात कितीतरी गोष्टी सांभाळाव्या लागत. ‘ही सेड टु मी, “व्हेअर डू यू लिव्ह?”’ हे वाक्य आले, की ‘सेड टु’चे ‘आस्क्ड’ करायचे, अवतरणचिन्हे काढायची, ‘यू’च्या जागी ‘आय’, ‘लिव्ह’चे ‘लिव्ड’, प्रश्नचिन्हाऐवजी पूर्णविराम, आणि या सगळ्या धांदलीत तो ‘डू’ बिचारा नाहीसाच होई. मला त्याचे उगीचच वाईट वाटे. स्वतःचा काही अर्थ नसलेला हा शब्द प्रश्नापुरता राबतो आणि प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात शिरला, की त्याची गरज संपते. इंग्रजी प्रश्नांत तो सोळाव्या-सतराव्या शतकांत स्थिरावला. त्यापूर्वी ‘व्हॉट से यू?’ असे मुख्य क्रियापदच कर्त्याच्या आधी येत असे. ‘हू केम?’चा शब्दक्रम मात्र सुट्या प्रश्नात आणि दुसऱ्या वाक्याच्या पोटातही तोच राहतो, कारण तिथे प्रश्नार्थक शब्द स्वतःच कर्ता असतो. आळशी विद्यार्थ्याला यापरते सुख नाही.

मराठीत ‘तो कुठे राहतो?’ या प्रश्नाला ‘ते मला ठाऊक नाही’ एवढे शेपूट जोडले, की काम भागते. आतला एकही शब्द जागचा हलत नाही. म्हणून आपण सुरुवातीला ‘व्हेअर यू आर गोइंग?’ असे बिनधास्त विचारतो. पुढे कुणीतरी दटावून ती उलटापालट शिकवते, आणि मग ती अंगात इतकी भिनते, की ‘आय डोन्ट नो व्हेअर इज ही’ असे, जिथे नको तिथेही, आपण शब्द उलटे करतो. ही चूक अज्ञानाची नसून अतिअभ्यासाची आहे, असे माझे मत आहे.

गंमत म्हणजे आयर्लंडच्या बोलभाषेत ‘आय आस्क्ड हिम वॉज ही कमिंग’ ही रचना सहज ऐकू येते, आणि इंग्रजी ही तर त्या लोकांची घरचीच भाषा. त्यांनी असे म्हटले, की ती बोली ठरते. आपण लिहिले, की खाली लाल रेघ येते. हा न्याय कुणी ठरवला, कोण जाणे.