जॉन बाउरिंग आणि ‘अ‍ॅरो’ची संपलेली नोंदणी

रशियन, पोलिश, हंगेरियन कविता इंग्रजीत आणणारा जॉन बाउरिंग (१७९२–१८७२) ब्रिटिश खासदार म्हणून दशमान नाण्यांसाठी भांडला. १८४९चं फ्लोरिन, म्हणजे पौंडाचा दहावा हिस्सा, हे त्याचंच फळ. १८५५च्या सयामबरोबरच्या (आजचं थायलंड) करारात त्याने आयात जकात ३ टक्क्यांवर बांधून घेतली. अफूवर तर जकातच नाही.

पण खरा डाग १८५६चा. ८ ऑक्टोबरला चिनी अधिकाऱ्यांनी ‘अ‍ॅरो’ जहाजावरचे १२ खलाशी धरले. जहाजाला ब्रिटिश संरक्षण देणारी हाँगकाँगमधली नोंदणी २७ सप्टेंबरलाच संपली होती. हाँगकाँगचा गव्हर्नर असलेल्या बाउरिंगने कँटनमधला (आजचं ग्वांगझू) ब्रिटिश प्रतिनिधी, कॉन्सुल पार्क्स, याला तसं पत्राने कळवलंही. चिन्यांना मात्र पत्ता लागू दिला नाही आणि कँटनवर तोफा डागल्या गेल्या. मला हे अक्षम्य वाटतं.

याच संघर्षाच्या काळात, जानेवारी १८५७मध्ये, हाँगकाँगच्या पावात आर्सेनिक निघालं. मात्रा इतकी जास्त होती की लगेच उलट्या होऊन बहुतेक जण वाचले.