तुम्ही विचारलंत म्हणून: ते हात का हलवत नाहीत?

उन्हाळा आला की डब्लिनच्या आमच्या घरी कुणी ना कुणी उतरतंच. एक दिवस समुद्राकाठचे कडे, एक दिवस गावातली भटकंती आणि एक संध्याकाळ गेईटी थिएटरात ‘रिव्हरडान्स’ हा आयरिश नाचाचा प्रयोग, असा ठरलेला कार्यक्रम. मध्यंतरात आइस्क्रीमचा कप हातात आला की प्रश्नही येतो. ‘पाय एवढे उडवतात, मग हातांना काय झालंय?’ माझ्या मावशीने तर शेजारच्या खुर्चीतून जरा मोठ्यानेच विचारलं होतं, ‘कुणी बांधून ठेवलंय का गं त्यांना?’ परवा पुण्याहून एका ओळखीच्या बाईंचाही मेसेज आला आणि त्यातही हेच. तेव्हा एकदा लिहूनच टाकते.

आधी टॅक्सीवाल्यांची गोष्ट, कारण तुम्ही इथे आलात तर ती तुम्हाला ऐकावीच लागणार आहे. इंग्रजांच्या राज्यात नाचायला बंदी होती. मग लोक घरात नाचायचे, पण खिडकीतून पाहणाऱ्या शिपायाला कळू नये म्हणून कमरेच्या वर काही हलू द्यायचे नाहीत. गोष्ट इतकी गोड आहे की सांगणाऱ्याला मध्ये तोडायचं जिवावर येतं. पण विचार करा, खिडकीत दहा डोकी एका ठेक्यात वरखाली होताहेत आणि शिपायाला संशय येत नाही, तर त्या शिपायाला नोकरीवर ठेवलं कुणी?

शिवाय शिपाई पश्चिमेकडच्या कॉनेमारातही होते, आणि तिथल्या जुन्या चालीच्या नाचात, ज्याला शान-नोस म्हणतात, हात अगदी सैल असतात. पाय जमिनीलगत टपटपतात आणि हात वाटेल तसे झुलतात, कधी खांद्यापर्यंतही जातात. मातीच्या जमिनीवर पायाचा आवाज निघत नाही, म्हणून घराचं दार बिजागरीतून काढून आडवं टाकायचे आणि त्यावर नाचायचे. दाराएवढ्या जागेत जे बसेल तेच.

सरळ ताठ उभं राहणं आलं ते बहुधा नृत्यमास्तरांकडून. अठराव्या शतकात हे मास्तर गावोगाव फिरत, कुणाच्या तरी घरी मुक्काम ठोकत आणि आसपासच्या पोरांना शिकवत. १७७० च्या दशकात आयर्लंडभर फिरलेल्या आर्थर यंग या इंग्रज शेतीतज्ज्ञाने लिहून ठेवलंय की मास्तराबरोबर एक बॅगपाइपवाला किंवा आंधळा फिडलवाला असे, आणि फी तीन महिन्यांना सहा पेन्स. पोरांना डावं-उजवं कळत नसे. मग एका पायाला काटकीची वळी, म्हणजे गॅड, आणि दुसऱ्याला पेंढ्याची दोरी, म्हणजे सुगान, बांधायची, आणि ‘गॅड उचल, सुगान टाक’ असं ओरडायचं. पावलांइतकाच भर चालीरीतीवर असे, म्हणजे खोलीत कसं शिरायचं, वाकून नमस्कार कसा करायचा, पाठ कशी धरायची. गरिबाच्या पोराने खानदानी दिसावं, हा खरा धडा. हात लटकवत नाचणं त्यात कुठे बसणार?

मग १८९३ साली गेलिक लीग ही संस्था निघाली. आयरिश भाषा वाचवायची, त्याबरोबर ‘आपलं’ काय तेही ठरवायचं. गंमत अशी की या लोकांची पहिली केइली, म्हणजे सामुदायिक नाचाची संध्याकाळ, १८९७ मध्ये भरली ती लंडनमध्ये. पुढे नियम होत गेले. क्लेअर परगण्यातले शेतकरी जे सेट, म्हणजे चार जोड्यांचे नाच, पिढ्यान्‌पिढ्या नाचत होते ते क्वाड्रिल या फ्रेंच नाचावरून आलेले, म्हणून परके ठरवून बाजूला सारले. उरलं ते स्वच्छ, शिस्तीचं, स्पर्धेत उतरवण्याजोगं. १९३० च्या सुमारास नृत्याचं अधिकृत मंडळ उभं राहिलं, परीक्षक आले, गुण आले. हात हलले की पायांवरची नजर उडते, म्हणून हात खाली. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर इतकंच आहे, थोडा सभ्यतेचा सोस आणि बाकी सगळे मार्क. टॅक्सीवाल्याच्या शिपायापेक्षा हे फारच रुक्ष आहे, मान्य.

हे मी नुसतं वाचून सांगत नाही. लहानपणी सांगलीत सात वर्षं कथक केलं होतं, त्या जोरावर चाळिशीत इथल्या चर्चच्या हॉलमध्ये मोठ्यांच्या क्लासला नाव घातलं. इथल्या नाचांचे ठेके ओळखीचे निघाले. जिग सहाची, आपल्या दादऱ्याच्या घरातली. रील चारची. स्लिप जिग मात्र नऊची, तीन-तीन-तीन, आणि तिच्यात मी हमखास सम चुकायचे. पण खरी पंचाईत हातांची. रीलच्या शेवटी माझा उजवा हात आपणहून खांद्याशी यायचा आणि बोटं मुद्रेत जायची. तीनदा टोकल्यावर बाईंनी माझ्या दोन्ही मुठींत माझ्याच कार्डिगनची टोकं दिली. ‘ही सोडायची नाहीत.’ मूठ सैल मिटलेली, अंगठा आत, कोपर सरळ, खांदे मागे. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या दुखतील म्हणून तेल काढून ठेवलं होतं. दुखत होती पाठ. हात न हलवणं हे किती कष्टाचं काम आहे ते तोवर ठाऊकच नव्हतं.

म्हणून ३० एप्रिल १९९४ ची ती सात मिनिटं इथल्या लोकांना का विसरता येत नाहीत, ते मला नंतर समजलं. डब्लिनमध्ये युरोव्हिजन गीतस्पर्धा होती. मते मोजेपर्यंत वेळ भरून काढायला बिल व्हेलनच्या संगीतावर एक नाच ठेवला होता. आधी जीन बटलर आली, मग ढोलांवर मायकल फ्लॅटली, शिकागोत वाढलेला आयरिश पोरगा, दोन्ही हात पसरून रंगमंचभर उडत आला. परदेशी पाहुण्यांना ती नुसती उडी वाटली असेल. इथल्या ज्या बायकांनी लहानपणी प्रत्येक फेशमध्ये, म्हणजे स्पर्धेत, हातांपायी मार्क गमावले होते, त्यांनी हात पाहिले. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी १९९५ मध्ये, त्याचाच पूर्ण प्रयोग झाला. तोच आपण गेईटीत बघतो.

एक कुरकुर इथेच करून घेते. अशा मोठ्या प्रयोगांत समूहाच्या वेळी पायांचा आवाज बराचसा आधी ध्वनिमुद्रित केलेला असतो. घुंगरांत वाढलेल्या माणसाला हे पचत नाही. असो.

दुसऱ्या अंकाची सुरुवात ‘अमेरिकन वेक’ने होते. वेक म्हणजे मयताजवळ जागवलेली रात्र. १८४५ ते १८५२ च्या दुष्काळात बटाट्यावर करपा रोग पडला, सुमारे दहा लाख माणसं मेली आणि तितकीच देश सोडून गेली. पुढेही जाणं थांबलं नाही. अमेरिकेला निघालेला परत दिसणार नाही हे घरच्यांना माहीत असे, म्हणून आदल्या रात्री जिवंत माणसासाठीच वेक करायचे. पिणं, गाणं, नाच, आणि पहाटे रडणं. डोनेगलमध्ये मकिश डोंगराच्या खिंडीजवळ एक लहानसा दगडी पूल आहे, आयरिशमध्ये त्याचं नाव अश्रूंचा पूल. घरचे तिथवर पोचवायला यायचे. जाणारा पुढे डेरी बंदराकडे पायी.

रंगमंचावर यातलं काही अभिनयाने सांगत नाहीत. फ्लॅटलीने नंतर ‘केल्टिक टायगर’ या प्रयोगात लाल कोटातले इंग्रज शिपाई वगैरे आणून इतिहास सरळ उभा केला. मला तो शाळेच्या गॅदरिंगसारखा वाटला. ‘रिव्हरडान्स’मध्ये फक्त एक सेट नाचतात, माणसं हात धरून गोल फिरतात, आणि मग काही जण निघून जातात. आयरिश नाचात हात बोलायला नसतातच, पण समूहात ते धरायला असतात. मध्यंतराआधीचा बराच वेळ अंगाला चिकटलेले हात बघून झालेले असतात, त्यामुळे ते धरलेले आणि सुटलेले बरोबर दिसतात.

थोड्या वेळाने न्यूयॉर्कचा प्रवेश येतो. आयरिश पोरं आणि काळे टॅप नर्तक यांची रस्त्यावरच्या दिव्याखाली जुगलबंदी होते. टॅप जन्मलाच या दोघांच्या शेजारातून. १८४० च्या दशकात फाइव्ह पॉइंट्स वस्तीतला मास्टर जुबा नावाचा काळा नर्तक आयरिश वंशाच्या जॉन डायमंडशी पैजा लावून नाचत असे. तर त्या जुगलबंदीत टॅपवाले मध्येच हात अंगाला चिकटवून, हनुवटी वर करून आयरिश पोरांची नक्कल करतात. थिएटर हसतं. मावशी सगळ्यांत जास्त हसली. म्हणाली, ‘बघ, त्यांनाही हाच प्रश्न पडलाय.’

तिकीट काढताना मात्र पहिल्या रांगेच्या मोहात पडू नका. तिथून पाय दिसत नाहीत. वरच्या सज्जाची पुढची रांग घ्या.